अण्णांची सरळ रेषा

ज्ञानदेवअण्णा चहाचा पहिला घोट घेतात आणि कप खाली ठेवतात. मग कपाकडे बघतात, मग चहा आणणाऱ्या भिमाबाईंकडे. "काल आल्याचा वास व्हता," ते म्हणतात. "आज न्हाई. आलं महाग झालंय, का तुमच्या मनात दुसरंच काय हाय?" भिमाबाईंना याची इतकी सवय झाली आहे की त्या उत्तरच देत नाहीत. उत्तर दिलं नाही, याचा अण्णा वेगळा संशय घेतात.

अण्णा आमच्या कंपनीचे सिक्युरिटी सुपरवायझर. चाकणजवळच्या महाळुंगेचेच, घर कंपनीच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. मी विजयश्री, स्टोअर सांभाळते आणि दिघीहून कंपनीच्या बसने येते. गेटजवळच्या केबिनमध्ये आमची टेबलं समोरासमोर आहेत, त्यामुळे त्यांच्या संशयाचा रोजचा रतीब मला फुकट मिळतो. मी नवी होते तेव्हा एकदा लाल डोळ्यांनी आले आणि एकदा फोनवर हळू आवाजात बोलले. अण्णांनी लगेच साहेबांच्या कानावर घातलं की ही पोरगी दुसरीकडं नोकरी बघतीय. मला डोळे आले होते आणि फोनवर सासूबाई होत्या. मी भांडायला गेले तर म्हणाले, "मग ऱ्हा की. आनंद हाय."

असा माणूस. दोन गोष्टी दिसल्या की मधली सगळी जागा स्वतःच भरणार. पण वाईट नाही, हेही सांगायला हवं. प्रेस शॉपमधल्या एकाचं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात पोचवणारे अण्णाच होते. पोचल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं की एवढ्या लांबच्या रस्त्यानं का आणलंस, ही गोष्ट वेगळी.

त्यांची धाकटी मुलगी दिपाली अकरावी सायन्सला आहे. तिला मोठ्यानं अभ्यास करायची सवय. एका संध्याकाळी अण्णा जेवत होते आणि ती घोकत होती की दोन बिंदू दिले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते, दुसरी जाऊच शकत नाही. अण्णांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला होता. "एकच, विजयश्री. दुसरी न्हाईच. मी जलमभर लोकास्नी काय सांगतोय मग?" आपला स्वभाव पाठ्यपुस्तकात छापून आला आहे, असं त्यांना वाटलं असावं. त्या आठवड्यात त्यांनी लेकीकडून रेषेचं समीकरण काढायला शिकून घेतलं. दहावीला गणितात अडकलेला हा माणूस आता गेटवरच्या पाटीवर खडूनं समीकरणं मांडायला लागला, आणि मी आपली कौतुक करत होते.

त्याच सुमारास कंपनीनं जनरेटरची डिझेलची टाकी रिकामी करून धुतली आणि डिझेलचा ताबा अण्णांकडे दिला. टाकी म्हणजे पुरुषभर उंचीच्या लोखंडी पायांवर आडवं ठेवलेलं मोठं गोल पिंप. वरच्या बाजूला झाकण. शिडीनं वर चढायचं, झाकण उघडून सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पट्टीवरून उंची कळते, पण लिटर किती ते कळत नाही. अण्णा म्हणाले, त्यात काय, रेषा काढू.

धुतलेल्या टाकीत त्यांनी आधी मोजून पन्नास लिटर डिझेल ओतलं. पट्टीवर दहा सेंटिमीटर आले. हा पहिला बिंदू. मग टँकरनं टाकी काठोकाठ भरली. मीटरप्रमाणे आता आत साडेनऊशे लिटर, पट्टीवर शंभर सेंटिमीटर. हा दुसरा. आधी चढ काढायचा, दिपालीनं शिकवलं होतं. डिझेल वाढलं नऊशे लिटर, उंची वाढली नव्वद सेंटिमीटर, भागाकार दहा. म्हणजे एका सेंटिमीटरला दहा लिटर. मग त्यात पहिला बिंदू घालायचा. दहा सेंटिमीटरचे दहाच्या हिशेबानं शंभर लिटर व्हायला हवेत, पण टाकीत होते पन्नास, म्हणून पन्नास वजा. लिटर बरोबर दहा गुणिले सेंटिमीटर, वजा पन्नास. दुसऱ्या बिंदूवर ताळा करून बघितला, हजार वजा पन्नास, साडेनऊशे. बरोबर.

सुजित नावाचा आमचा मेंटेनन्स इंजिनिअर तिथेच उभा होता. "अण्णा, भारी," म्हणाला, फोटो काढला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला. समीकरण जनरेटर रूमच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं गेलं. साहेबांनी अंगठा पाठवला. चूक कुणालाच दिसली नाही, मलाही नाही.

आता समाधानकडे येते. समाधान हा जनरेटर चालवणारा ठेकेदाराचा माणूस, लातूरकडचा, महाळुंगेत एका खोलीत बायको आणि लहान मुलीसोबत राहणारा. कामाला चोख. जनरेटर असा पुसून ठेवायचा की काही जणांना आपला स्वयंपाकाचा ओटाही तसा ठेवता येत नाही. दिवाळीनंतर कंपनी त्याला कायम करणार होती आणि त्यानं गावाकडे फोन करून सांगूनही टाकलं होतं. त्याची एकच खोड, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता जमिनीकडे बघायचा. अण्णांच्या दृष्टीनं एवढं पुष्कळ होतं.

आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि लाइटही जाते. पण रंगाच्या टाक्या ढवळत्या ठेवाव्या लागतात, नाहीतर रंग खाली बसतो. म्हणून बुधवारी टँकर येऊन टाकी भरतो आणि गुरुवारी समाधान एकटा जनरेटर चालवतो. शुक्रवारी सकाळी अण्णा पट्टी बुडवतात. आठवड्यात मध्येच लाइट गेली तर दुसरा ऑपरेटर गणराज चालवतो.

पहिल्याच शुक्रवारी पट्टी दहा सेंटिमीटर खाली आली. अण्णांचं समीकरण म्हणालं, शंभर लिटर गेलं. जनरेटर जितके तास चालला होता त्या हिशेबानं पन्नासच जायला हवं होतं. मग उरलेलं पन्नास कुठे गेलं? पुढच्या शुक्रवारी तेच. आणि मजा बघा, टाकी थोडी खाली उतरली की गणराजच्या पाळीत जनरेटर जणू उपास करायचा, हिशेबापेक्षा कमीच प्यायचा. "गणराजच्या हाताला बरकत हाय," अण्णा म्हणाले. जास्त गेल्याचा संशय, कमी गेल्याचा नाही. संशयालासुद्धा आवडनिवड असते.

"दोन शुक्रवार," ते मला म्हणाले. "दोन बिंदू. आता रेषा कुणाच्या दारात जाती ती बघ."

त्यांनी समाधानला केबिनमध्ये बोलावलं. "डिझेल कुटं जातंय?"

"मला काय माहिती, अण्णा. मी काय केलो नाही."

"वर बघून बोल."

त्यानं वर बघितलं, पण क्षणभरच. अण्णांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला त्या पोराची दया आली, पण खरं सांगते, पन्नास लिटर हवेत उडत नाही हेही डोक्यात होतंच.

त्यानंतरच्या शुक्रवारी कमी डिझेल गेलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, बरं झालं. अण्णा म्हणाले, "बघितलंस? विचारलं तसा चोर सावध झाला." वाढलं तरी चोरी, घटलं तरी चोरी. अशा माणसाच्या तावडीत सापडलेल्यानं करायचं काय?

मग अण्णांना तो दिसला. तळेगाव रस्त्याला नदीमचं गॅरेज आहे, पिकअप आणि टेम्पो दुरुस्त करतो. तिथे समाधान हातात पांढरा कॅन घेऊन नदीमशी हळू आवाजात बोलत होता. अण्णा रस्त्याच्या पलीकडे वडापावच्या गाडीमागे थांबले आणि पोटभर बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "एक बिंदू गावला. आता दुसरा टाकीपाशी गावंल."

आणि गावला. शुक्रवारी सकाळी आमची बस गेटात शिरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. जनरेटर रूमजवळ गर्दी होती. टाकीच्या शिडीवर समाधान, झाकण उघडं, हातात तोच पांढरा कॅन, आणि खाली अण्णा त्याच्या पँटचं टोक घट्ट धरून उभे. "टाकीपाशी कॅन, गॅरेजात कॅन," ते सगळ्यांना सांगत होते. "सरळ रेघ हाय. टाकीतनं काढायचं आन् नदीमला इकायचं."

साहेबांच्या केबिनमध्ये समाधान पहिल्यांदा मान वर करून बोलला. "मी काढत नव्हतो. मी भरायलो होतो."

"चोराच्या उलट्या बोंबा," कुणीतरी मागून म्हणालं.

"खरं सांगालो, साहेब. पट्टी कमी यायली, अण्णा रोज विचारायले. मी घेतलो नाही, पण पट्टी काय ऐकत नाही. मला कायम करणार हाव तुम्ही. म्हणलं, आपल्या पदरचं टाकावं आणि गप बसावं."

मला ते खरं वाटत होतं. कुठलाही चोर इतकी वेडगळ थाप मारणार नाही. पण अण्णांनी शांतपणे विचारलं, "चोरलं न्हाईस तर भरतोस कशाला?"

याचं उत्तर तो आत्ताच देऊन बसला होता, पण ते कुणालाच पुरलं नाही. ठेकेदारानं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. ठेकेदारांचे आपसांत फोन असतात, हे चाकणमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. महाळुंगेपासून भोसरीपर्यंत कुठल्याही गेटवर आता त्याला उभं करणार नव्हते. तो गेटबाहेर पडला तेव्हा अण्णा चहा पीत होते, आणि त्या दिवशी त्यांनी चहाबद्दल काही तक्रार केली नाही.

दोन दिवसांनी नदीम स्वतःच गेटवर आला. त्याचे कपडे ऑइलनं माखलेले होते आणि तो रागात होता. "अण्णा, तुम्ही मला चोरीचं डिझेल घेणारा ठरवलं म्हणे. पंपावर त्याला कॅनमध्ये देत नव्हते, म्हणून मी माझ्या गाडीत भरून आणून त्याला काढून द्यायचो. त्याचे पैसे घ्यायचो, मेहनतीचे नाही घेतले. माझ्याकडून कॅन भरून जायचा आणि रिकामा परत यायचा. तुम्ही बघितलात तेव्हा कॅन भरलेला होता का रिकामा?"

अण्णांना कॅन दिसला होता, आत काय होतं ते दिसलं नव्हतं.

"तू त्याचाच दोस्त, तू दुसरं काय बोलणार?" ते म्हणाले. नदीम मान हलवून निघून गेला. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुमची रेघ बरोबरच होती. टाकी आणि गॅरेज. फक्त डिझेल उलटं चाललं होतं. रेघ काय सांगते, कुठून कुठे जायचं ते?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मीच कॅन लपवला आहे. पण पुढचा सगळा दिवस ते पाटीसमोर नुसतेच उभे होते.

पुढच्या बुधवारी टाकी भरली आणि अण्णांनी झाकणाला स्वतःचं कुलूप घातलं. किल्ली जानव्यात बांधावी तशी गळ्यातल्या दोरीत. गुरुवारी सुट्टी असून ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसले, डबाही तिथेच खाल्ला. नवा माणूस जनरेटर चालवत होता, अण्णांची नजर टाकीवरून हलली नाही. शुक्रवारी सकाळी मी केबिनमध्ये शिरले तर ते पट्टी मांडीवर घेऊन बसले होते.

"पुन्ना पन्नास," ते म्हणाले. "माज्या डोळ्यांम्होरं."

"मग आता संशय कुणावर?" मी विचारलं. चिडून विचारलं, लपवत नाही.

किल्ली एकट्या अण्णांच्या गळ्यात होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या संशयाला जायला दुसरं दार नव्हतं. मग आपली रेषाच चोर आहे की काय, हे विचारायला ते घरी लेकीकडे गेले. पुढचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दिपालीनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "पप्पा, टाकी उभी आहे की आडवी?"

आडवी म्हटल्यावर तिनं पाण्याची रिकामी गोल बाटली घेतली, कुशीला भोक पाडलं आणि आडवी धरून त्यातून वाटीवाटीनं पाणी ओतायला लावलं. पहिल्या वाटीला पाणी भराभर चढलं. मधे बाटली रुंद, तिथे तेवढ्याच वाटीला जेमतेम हललं. वर पुन्हा निमुळती होत गेली तशी वाटी घातली की पाणी उडी मारायचं. "बघा," ती म्हणाली. "भरलेल्या टाकीतलं वरचं डिझेल थोडंच असतं, पण पट्टीवर जास्त खाली आल्यासारखं दिसतं. तुमची टाकी सरळ रेषेत भरतच नाही. दोन बिंदूंतून रेषा एकच जाते, पण ती वस्तू सरळ चालते का, हे दोन बिंदू सांगत नाहीत. तिसरा घेऊन बघायचा असतो."

"मग आदी सांगायचं न्हाईस?"

"तुम्ही मला टाकी कधी दाखवलीत? तुम्ही फक्त रेषा कशी काढायची ते विचारलंत."

एवढं सांगून अण्णा म्हणाले, "पोरगं खरं बोलत व्हतं, विजयश्री. मी त्येचा संसार मोडला." मी त्यांचं सांत्वन केलं नाही. करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण पुढे जे केलं ते त्यांनीच केलं, हेही मान्य करायला हवं. त्याच दिवशी ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "चोर कुणी न्हाई. माजं गणित चुकलं." सुजितनं मान खाली घातली, समीकरणाचा फोटो त्यानंच काढला होता. टाकी रिकामी करून दर शंभर लिटरला थांबत पुन्हा भरली, प्रत्येक थांब्याला पट्टी बुडवली आणि नवा तक्ता केला. भिंतीवरचं समीकरण अण्णांनी स्वतः चुना लावून पुसलं. ठेकेदाराला त्यांनी समोर बसवून त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला फोन करायला लावला.

समाधान एका गोदामात पोती उचलत होता. मी आणि अण्णा त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको दारात आडवी उभी राहिली, आत येऊ देत नव्हती, आणि मला ते रास्तच वाटलं. अण्णांनी दारातूनच हात जोडले. "माजी चूक झाली. तू काय घेतलं न्हाईस. सगळ्यांसमोर बोललो हाय, आता तुज्यासमोर बोलतो."

समाधान जमिनीकडे बघत म्हणाला, "येतो." नोकरी हवी होती, लेकरू होतं, दुसरं काय म्हणणार होता?

तो आला. दिवाळीनंतर कायम झाला, त्यानं आणलेले पेढे आम्ही खाल्ले. जनरेटर पुन्हा चकचकीत झाला. अण्णा त्याला मुद्दाम हाक मारून चहा द्यायचे आणि चहाबद्दल काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, चला, मिटलं.

मग एका बुधवारी टँकर आला. अण्णांनी टाकीची किल्ली गळ्यातून काढून समाधानच्या हातात दिली. तो शिडीपाशी गेला आणि तिथेच थांबला. एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. टँकरवाल्यानं हॉर्न दिला तरी तो हलला नाही.

"जा की वर," अण्णा म्हणाले.

"तुम्ही या, अण्णा."

"मी कशाला? किल्ली आता तुज्याकडंच ऱ्हाणार. माजा इश्वास हाय तुज्यावर."

"तुमचा असेल," समाधान म्हणाला. या वेळी तो अण्णांच्या डोळ्यांत बघून बोलत होता. "मलाच आता टाकीजवळ एकटं थांबायची भीती वाटायलीय."

अण्णांचा गुडघा हल्ली दुखतो, शिडी आता त्यांना झेपत नाही. तरी ते त्याच्या मागोमाग चढले. तेव्हापासून दर बुधवारी आणि शुक्रवारी दोघं मिळून वर चढतात. समाधान पट्टी बुडवतो, बाहेर काढतो आणि स्वतः न बघता आधी अण्णांच्या पुढे धरतो.